मेथीचा वेढा

बायको सारखी माहेरी पळते, बायको सारखी बाजारात असते, अशा तक्रारी करणारे नवरे आमच्या कचेरीत पैशाला पासरी आहेत. माझी तक्रार ऐकली की मात्र ते पान थुंकायला बाहेर जात. माझी बायको घरात येत नव्हती. भांडण नाही, रुसवाफुगवा नाही. तिचा संसार अंगणात होता, माझं घर समोर होतं, आणि मध्ये सात पावलांचं अंतर होतं. ते तिने साडेपाच वर्षांत एकदाही ओलांडलं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा सगळं लातूरच अंगणात आलं होतं. कुणी ताडपत्री बांधली, कुणी पत्रे ठोकले. मग हळूहळू सगळे आपापल्या घरात परत गेले. कुणी दिवाळीला गेलं, कुणी थंडीला भिऊन गेलं. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या नागुबाई तर तिसऱ्याच दिवशी गेल्या. मरायचंच आहे तर गादीवर मरते, म्हणाल्या. सिंधु गेली नाही. तिच्या मावशीचं गाव त्या पहाटे सबंध गेलं होतं आणि ती ते बघून आली होती. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली की स्लॅबखाली माझा जीव घाबरा होतो. मी पत्र्याचं शेड ठोकून दिलं. त्यात तिची चूल आली, देव आले, बाज आली, पिठाचे डबे आले. पुढे मी घरात झोपायला लागलो. माझं घर पक्कं होतं, सळया किती जाडीच्या आहेत ते मला ठाऊक होतं आणि मी भित्रा नव्हतो. हे सगळं मी तिला आठवड्यातून दोनदा समजावून सांगत असे. ती भाकरी थापत ऐकून घेत असे.

हे असंच चाललं असतं. पण येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमाराला नांदेडहून पत्र आलं. आमच्या लेकीला, आरतीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत; आणि पत्र तिच्या सासूबाईंचं होतं. अक्षर वळणदार, भाषा गोड. आरतीला चैत्रात पाठवू, वैशाखात दिवस भरतील, मात्र आपल्याकडे 'सोय' कशी आहे ते होळीपर्यंत कळवावे. सोय हा शब्द त्यांनी जरा मोठा काढला होता. आरतीच्या लग्नात त्यांना पाणी शेडमध्ये दिलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. वैशाखात लातूरच्या पत्र्याखाली बाळंतीण आणि तान्हं मूल ठेवणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. सिंधुलाही कळत होतं. तिने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून देवामागे ठेवलं आणि त्या दिवशी वरणात मीठ घालायला विसरली.

आता सरळ माणसाने बायकोला हात धरून आत नेलं असतं. पण मी रेकॉर्ड विभागातला हेडक्लार्क. सरळ मार्ग दिसला की आम्हाला संशय येतो. मी विचार केला की तिला घरात ओढता येत नसेल तर अंगणातून हुसकावावं. शेडच्या तिन्ही बाजूंनी भाजीचे वाफे काढायचे. रोज पाणी, रोज चिखल, पायाखाली ओल, चुलीपाशी गांडुळं. महिनाभरात ती कंटाळेल आणि आपण होऊन चूल आत नेईल. इतिहासात किल्ले असेच घेतले आहेत. तिला मी सांगितलं की ताजी मेथी खायची फार इच्छा झाली आहे. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, कारण लग्नाला पंचवीस वर्षं होऊन मला कसलीही इच्छा होते हे तिला नवीन होतं.

हाती कागद असल्याशिवाय मी काही करत नाही. म्हणून पहिल्यांदा अंगणातली मूठभर माती पिशवीत घालून माती तपासणीच्या हपिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पिशवीकडे न बघता सातबारा मागितला. मी म्हणालो, अंगणाला सातबारा नसतो. मग तो मान वर करून शांतपणे म्हणाला, "मेथी हे पीक आहे. पिकाला जमीन लागते. जमिनीला सातबारा लागतो." यात मला चूक काढता येईना. मी अशीच वाक्यं वीस वर्षं बोलत आलो आहे. तेवढ्यात त्याने मला ओळखलं. त्याच्या वडिलांच्या एका दाखल्यासाठी मी त्याला म्हणे चार वेळा परत पाठवलं होतं. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अर्ज तीन प्रतींत आणायला सांगितला. आपण ज्या आडात लोकांना ढकलतो तो आड आतून कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा मला आठवलं की मेव्हण्याचा सातबारा माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. हणमंतराव म्हणजे सिंधुचा धाकटा भाऊ. निलंग्याच्या पुढे त्याची चांगली काळी जमीन. कुठल्याशा कामासाठी त्याने तो उतारा दिला होता आणि अर्थातच मी ते काम केलं नव्हतं. मी सातबारा त्याचा लावला, माती माझी दिली. कचेरीतल्या माणसाला याचं काही वाटत नाही. कागदाला कागद जुळला की झालं.

माझं एक मात्र चुकलं. अहवाल पोस्टाने सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याकडे जातो, हे मला माहीत नव्हतं.

आमच्या अंगणात भूकंपानंतरच्या डागडुजीचा सगळा राडा पुरलेला. चुना, सिमेंट, विटांचे तुकडे. अहवालात लिहिलं होतं की नत्र अत्यंत कमी, कर्ब अत्यंत कमी, चुनखडी जास्त, सबब जमीन पिकास अयोग्य. हे पाकीट पोस्टमनने हणमंतरावाला गावच्या पारावर दिलं, आणि हणमंतरावाचा चष्मा घरी असल्यामुळे मास्तरांनी ते चारचौघांत मोठ्याने वाचलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला. मागे ट्रॉली. ट्रॉलीत शिगोशीग शेणखत.

"दाजी," हणमंतराव उतरून म्हणाला, "आज्या-पणज्यापासून कसलेलं रान हाय ते. तुम्ही त्याला सरकारकडून नापास करून आणलं."

मी त्याला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. म्हणजे मातीचं सांगितलं. वेढ्याचं सांगितलं नाही. त्याने अंगणात बसून बोटाने उकरलं, चिमूट तोंडात टाकून थुंकली आणि म्हणाला की ही माती न्हाईच, हे बांधकाम हाय. मग त्याने कोट काढला. दोन तासांत कुदळीने अंगण उलटंपालटं करून, विटा वेचून, खत मिसळून त्याने असे वाफे काढून दिले की सिंधु चूल सोडून बघत उभी राहिली. अंगणाला लागलं चार पाट्या खत. उरलेली ट्रॉली त्याने गल्लीत रिकामी केली, कारण आणलेलं खत परत नेणं त्याच्या गावात अशुभ मानतात. किंवा त्याला माझा राग शिल्लक होता. हरभरा काढला की बघू ढिगाचं, म्हणून तो निघून गेला.

आमची गल्ली तेव्हा नुसती गल्ली राहिली नव्हती. लातूरची पोरं बोर्डात चमकायला लागल्यापासून उदगीर, नांदेड, किनवट, कुठून कुठून पोरं क्लासला येत होती आणि प्रत्येक घराने एकेक खोली रिकामी करून दिली होती. गल्लीत तीन क्लास, साठ-सत्तर सायकली, आणि आता मधोमध माझ्या मेव्हण्याच्या अब्रूचा ढीग. क्लासच्या सरांनी मला लेखी तक्रार दिली. विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होते, असं तीत होतं. चित्त कुठून विचलित होतं ते लिहिलं नव्हतं, पण नाकाला रुमाल लावूनच त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

सल्ल्यांना तर ऊत आला. नागुबाई रोज दारात उभ्या राहून सांगत की मेथी सरळ रेषेत पेरशील तर उगवणार न्हाई, ती फेकून पेरायची असती. पोस्टमन म्हणाला राख टाका. दूधवाला म्हणाला राख टाकू नका. खाजामियाँ म्हणाले, "बालाजीराव, फिकर नका करू. जे काय लागंल ते मी पत्र्यात बनवून देतो." खाजामियाँ हे आमचे डाव्या बाजूचे शेजारी, पत्र्याचे कारागीर. भूकंपाच्या वर्षी सगळ्या गल्लीचे पत्रे त्यांनी ठोकले, आणि आता बाहेरगावच्या पोरांसाठी पत्र्याच्या पेट्या ठोकत होते. जगातल्या कुठल्याही अडचणीवर पत्रा हा उपाय आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यांच्याच बहिणीची मुलगी, जेबा, आमच्याकडे राहत होती. ही बहीण, साबेराबी, हिमायतनगरला दिली होती. पोरगी हुशार निघाली म्हणून त्यांनी तिला बारावीला मामाकडे धाडलं. पण मामाच्या घरात सकाळी आठपासून ठोकाठोक. तिथे काही पाठ होईना. म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या आतली खोली तिला दिली. स्वयंपाकघर म्हणजे नावाचं. तिथे पाच वर्षांत कुणी काडी पेटवली नव्हती. हातोड्याचा आवाज तिथेही यायचाच, तेव्हा जेबा कानात कापसाचे बोळे घालून अभ्यासाला बसे. सिंधु तिला जेवण द्यायची ते खोलीच्या खिडकीतून, गजांमधून. ज्वारीची भाकरी दुमडून द्यावी लागे. साबेराबी एकदा लेकीला भेटायला आल्या, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि जरा घाबरल्याच. मग त्यांनी स्वतः बाहेर चुलीपाशी बसून भाकरी आणि येसराच्या मसाल्याची आमटी खाल्ली, आणि जाताना सिंधुचे दोन्ही हात हातात धरले.

सिंधुला त्या पोरीची काळजी फार. स्लॅबखाली पोर बसली आहे याचीच काळजी. तासातासाला चुलीपासून उठून खिडकीशी जायची आणि गजावर टिचकी मारून बघायची. जेबा मान हलवायची. मग सिंधु परत यायची. मी हे पाहून हसत असे. मला वाटे, हीही एक सवय झाली आहे.

वसंत पंचमीला मी मेथी पेरली. फेकून पेरली, कारण नागुबाई समोर उभ्या होत्या. शिवाय कोथिंबीर आणि थोडा चुका. पाणी नळाला चार दिवसांनी येई, त्यामुळे भांडी घासल्याचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी वाफ्यांना जाऊ लागलं. चौथ्या-पाचव्या दिवशी माती फुगली, तडकली आणि हिरवी टोकं दिसली. चिखल झाला. गांडुळं आली. मी मनात म्हणालो, आता बघ.

आणि काय बघायला मिळालं? सिंधु सकाळी उठून आधी वाफ्याशी जायला लागली. चिखलात अनवाणी. गांडुळ दिसलं की ते चिमटीत धरून अलगद दुसऱ्या वाफ्यात नेऊन सोडायची, लेकीला सासरी पोचवावी तशी. मेथी वीतभर झाली तेव्हा तिने पहिल्यांदा विरळ केली, ती कोवळी पानं बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, वरून कच्चं तेल असा घोळाणा केला. मी तो गरम भाकरीबरोबर खाल्ला. खरं सांगतो, वेढा घातलेल्या सेनापतीने शत्रूच्या हातचं खाऊ नये. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्या दिवशी ती माझ्याशी पाऊण तास बोलली. मेथीवर बोलली, मावशीच्या परड्यावर बोलली, त्या परड्यातल्या वालाच्या शेंगांवर बोलली. मावशीचं नाव तिच्या तोंडून मी पाच वर्षांनी ऐकलं. मला एकीकडे बरं वाटत होतं आणि एकीकडे आपलं घोडं कुठे पेंड खातंय ते कळत होतं.

करायला गेलो काय आणि झालं काय, हे नीट समजलं ते पुढच्या आठवड्यात. तिने शेडच्या चारी खांबांशी दोडक्याचं बी लावलं. मी विचारलं हे कशाला. ती म्हणाली, "चैत्रापर्यंत वेल पत्र्यावर चढतो. वर पाणी शिंपडलं की शेड गार राहतं. आरतीची बाज इथंच टाकू."

म्हणजे मी किल्ल्याला वेढा घातला, आणि किल्लेदारणीने माझ्याच सामानाने तटबंदी बांधली. नांदेडच्या सासूबाईंना दोडक्याच्या वेलाखालची सोय कळवायची माझी छाती नव्हती. सिंधुला तसं सांगायचीही नव्हती. तिच्या डोळ्यांत लेकीसाठी काहीतरी जमवल्याचा आनंद दिसत होता, आणि तो मोडायला मी कुठल्या तोंडाने जाणार होतो.

मध्येच चिमण्या आल्या. दोडक्याचे कोवळे कोंब, कोथिंबीर, काही ठेवेनात. खाजामियाँना हीच वेळ हवी होती. त्यांनी पत्र्याच्या कातरणांचे तीन-चारशे तुकडे भोक पाडून तारेत ओवले, मधूनमधून रिकामे डबे अडकवले आणि ती तार शेडपासून अंगणभर फिरवून फाटकाच्या लोखंडी खांबाला बांधून दिली. वाऱ्याची झुळूक आली की किणकिण होई. चिमण्या दोन दिवस लांब राहिल्या, मग तारेवर येऊन बसू लागल्या. खाजामियाँ म्हणाले, आणखी पत्रा लागंल.

बारावीचा पहिला पेपर उद्यावर आला, त्या दिवशीची गोष्ट. होळीही जवळ आली होती. मी रजा टाकून दुपारी घरात, बाहेरच्या खोलीत, आरतीच्या सासूबाईंना पत्र लिहायला बसलो होतो. 'आमच्याकडे सोय होणे कठीण दिसते, तरी बाळंतपण आपणच उरकावे' हे एक वाक्य लिहायला मला दीड तास लागला होता. गल्ली चिडीचूप होती. घराघरांत पोरं पुस्तकात डोकं खुपसून बसलेली. खाजामियाँनीही भाचीच्या पेपरासाठी हातोडा ठेवून दिला होता. आणि नेमका त्याच वेळी हणमंतराव, क्लासच्या सरांची तक्रार मिटवायला, ढीग परत न्यायला ट्रॅक्टर घेऊन आला.

गल्ली अरुंद. त्याने ट्रॅक्टर उलटा घेतला. त्या धडधडीने नागुबाईंच्या फळीवरचे स्टीलचे पेले खाली आले. हे पेले नुसते पेले नव्हते. एकावर एक उपडे रचून ठेवलेले पेले प्रत्येक घरात असत. ते पडले की समजायचं आणि पळायचं. त्याच क्षणी ट्रॉलीचं टोक आमच्या फाटकाच्या खांबाला अडकलं, खांब वाकला, तार ताणली गेली आणि तीनशे पत्रे नि चाळीस डबे एकदम वाजायला लागले. पायाखालची फरशी थरथरत होती. नागुबाई दारातून ओरडल्या, "हाललं."

लातुरात त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही.

मी कसा उठलो ते मला सांगता येणार नाही. पुढच्या क्षणी मी अंगणात मेथीच्या वाफ्यात उभा होतो. एका पायात चप्पल, हातात पेनचं टोपण. माझ्या मागोमाग सगळी गल्ली. मोकळी जागा म्हणून आमचंच अंगण; साठ-सत्तर पोरं, क्लासचे सर, नागुबाई, खाजामियाँ, जो तो धावत येऊन वाफ्यांत उभा राहत होता. हणमंतरावाला इंजिनाच्या आवाजात काहीच कळलं नव्हतं. एवढे लोक मदतीला आलेले पाहून त्याने हात वर करून नमस्कार केला आणि आणखी हातभर मागे घेतला. डबे आणखी वाजले. दोन-तीन पोरं रडायला लागली. मग कुणीतरी जाऊन इंजिन बंद केलं.

सगळं थांबलं. डबे एकेक करत गप्प झाले. लोकांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. एरवी मी या ठिकाणी माझ्या अपमानावर दोन पानं लिहिली असती. पण तेवढ्यात खाजामियाँनी आजूबाजूला बघून विचारलं, "जेबा कुठं हाय? अन् भाभी?"

शेड रिकामं होतं. चुलीवर तवा तापत होता, परातीत पीठ अर्धं मळलेलं.

तेव्हा मला आठवलं. मी दारातून बाहेर पडत होतो तेव्हा कुणीतरी मला खांद्याने बाजूला सारून आत गेलं होतं. हाताला पीठ होतं. माझ्या सदऱ्यावर ते लागलंही होतं. आणि आणखी एक आठवलं. मी ज्या खोलीतून पळालो तिच्या दोन भिंती पलीकडे ती पोरगी सवयीने कानात कापूस घालून बसली होती, आणि मला तिचं नावसुद्धा सुचलं नव्हतं. पाच वर्षं सळयांची जाडी सांगणारा मी.

खिडकीपर्यंत जायला मला किती वेळ लागला कोण जाणे. आत जेबा जमिनीवर बसली होती, पुस्तक मांडीवर तसंच. तिच्यावर सिंधु वाकली होती. दोन्ही हातांनी तिचं डोकं पोटाशी धरलेलं, पाठ वर केलेली, डोळे घट्ट मिटलेले. पडायचं ते माझ्या पाठीवर पडू दे, असं ते वाकणं होतं. जेबाला काहीच ऐकू आलेलं नव्हतं, त्यामुळे काकूंना काय झालं ते तिला कळेना. तीच बिचारी सिंधुच्या पाठीवर हळूहळू थोपटत होती.

मी म्हणालो, "सिंधु, ट्रॅक्टर होता."

तिने डोळे उघडले. वर स्लॅबकडे पाहिलं. सगळं अंगण माझ्या मागे उभं होतं. आता ती उठेल आणि बाहेर धावेल असं मला वाटलं. ती उठली, जेबाच्या कानातला कापूस काढला, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "हे वरचं जाळं किती वर्षांचं हाय?"

मी म्हणालो, असेल चार-पाच. ती म्हणाली की माणसं राहतात का इथं. मग म्हणाली, "पोरीचा उद्या पेपर हाय. गर्दी कमी करा. अन् झाडू द्या."

झाडू मी गजांमधून दिला. पुढचा अर्धा तास मी काय काय दिलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. परात दिली, तवा दिला, पिठाचा डबा आडवा करून कसाबसा दिला. दाराने जाऊन द्यावं हे ना मला सुचलं ना कुणाला, इतकी त्या खिडकीची सवय झाली होती. पोरांनी जाता जाता तुडवलेल्या वाफ्यांतली मेथी वेचली. सत्तर जोडी पायांखाली गेलेली, पण अजून हिरवी. नागुबाईंनी ती पदरात घेऊन निवडली आणि फेकून पेरली म्हणूनच एवढी वाचली असं सरांना पटवून दिलं. हणमंतरावाने खांब सरळ केला, ढीग भरला आणि दाजींशी आयुष्यात पुन्हा मातीचा विषय काढणार न्हाई असं खाजामियाँना सांगून गेला. खाजामियाँ तार सोडवत होते. मला ते एवढंच म्हणाले की बालाजीराव, मी मामा असून बाहेर पळालो. मी म्हणालो, मीही.

सगळे गेल्यावर मी शेडमध्ये बाजेवर बसलो. आत स्वयंपाकघरात जुन्या स्टोव्हचा आवाज येत होता. मग भाकरी थापल्याचा आवाज आला. पाच वर्षांनी त्या भिंतींमधून तो आवाज येत होता, आणि मी हलायला भीत होतो. हललो तर थांबेल असं वाटत होतं. आज हिशेब लावतो तेव्हा कळतं की मी तिला घरात नेण्यासाठी जेवढं केलं त्यातलं काहीही कामी आलं नाही. मेव्हण्याचा राग, शेजाऱ्याचा पत्रा, म्हाताऱ्या नागुबाईंचे पेले आणि परक्या पोरीचा अभ्यास कामी आला. या सगळ्यांचे उपकार मी कोणत्या अर्जाने फेडू?

थोड्या वेळाने सिंधु दारात आली. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला. हातात माझं अर्धं लिहिलेलं पत्र होतं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"फाडा. दुसरं लिहा. चैत्रात पाठवा म्हणावं, आमच्याकडं दोन खोल्या हायत."

मी विचारलं, "भीती नाही वाटत आता?"

"वाटती की. लई वाटती." तिने चौकटीला एक हात धरलेला होता, तो तिने सोडला नव्हता. "पण पोर आत हाय. अन् दुसरी येणार हाय. मी बाहेर बसून कुणाकुणाला हाका मारू?"

मी मान हलवली. पण बाजेवरून उठलो नाही. का उठलो नाही ते तिला माझ्या आधी कळलं. दुपारपासून मी त्या स्लॅबखाली पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता टाकायच्या विचारानेच जीव घाबरा होत होता. साडेपाच वर्षं जे तिला होत होतं ते मला तीन तास झालं होतं. सात पावलं पलीकडे तिने मेथीची भाजी वाढून ठेवली होती, आणि ती सात पावलं मला जमत नव्हती.

ती हसली नाही, सळयांची जाडी सांगितली नाही. चौकटीचा हात सोडून ती अंगणात उतरली, माझ्यापाशी आली आणि पिठाने माखलेला हात पुढे करून म्हणाली,

"चला. मी हाय संगं."